भायखळ्यातला बुधवारचा बायबल अभ्यास: वर्ग चांगला, कागद अपुरा

सहा बुधवार, दर वेळी येशूचा एक दाखला (बोधकथा), सव्वा तास, फी नाही. भायखळ्यातल्या एका मराठी मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात हा वर्ग भरतो. हातात झेरॉक्सचा कागद मिळतो. त्यावर नुसता शास्त्रभाग, ओळींमध्ये भरपूर जागा आणि वर शीर्षक नाही. ही युक्ती झकास आहे. शीर्षकं मूळ शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, नव्हतीच, आणि ‘उधळ्या पुत्र’ असं वर छापलं की त्या गोष्टीतला घरीच राहिलेला थोरला भाऊ वाचण्याआधीच नजरेआड होतो.

उतारा दोनदा मोठ्याने वाचतात, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात. मग दहा मिनिटं शांतता. चर्चेत सुरुवातीला ‘याचा अर्थ काय’ विचारायला बंदी. कोण काय करतो, काय बोलतो, एवढंच सांगायचं.

याचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो तो मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात. मालक पहाटे, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला मजूर आणतो. तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे अकरावा तास साधारण संध्याकाळचे पाच. ‘आम्हाला कोणी कामावर लावलं नाही’ हे शेवटच्या मजुरांचं उत्तर मुंबईत समजावून सांगावं लागत नाही. दहा वाजून गेल्यावरही नाक्यावर थांबलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. एक दिनार, म्हणजे एका दिवसाची मजुरी, ठरते ती फक्त पहिल्यांशी. तिसऱ्या तासाच्या मजुरांना ‘जे योग्य ते देईन’ एवढाच शब्द. आणि वाटप सुरू होतं शेवटच्यांपासून, मिळतो मात्र सगळ्यांना तोच एक दिनार. सगळी गोम इथे आहे. पहिल्यांना आधी दिले असते तर ते दिनार खिशात घालून खुशीत घरी गेले असते, कुरकुर झालीच नसती. त्या कुरकुरणाऱ्याला मालक ‘मित्रा’ म्हणतो. तेच ग्रीक संबोधन मत्तय पुढे दोनदाच वापरतो: लग्नाचा पोशाख नसलेल्या पाहुण्याला आणि गेथशेमानेत येशूला धरून देणाऱ्या यहूदाला.

कमी पडतो तो कागद. तो २०:१ (अध्याय २०, वचन १) पासून सुरू होतो. दाखल्याचं मूळ मात्र १९:२७ मध्ये, येशूचा शिष्य पेत्र याच्या प्रश्नात आहे: आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? शेवटले पहिले होतील हे वचनही १९:३० आणि २०:१६ अशा दोन्ही टोकांना येतं. ते समोर नसल्याने चर्चा ‘पहिले म्हणजे यहूदी, शेवटले म्हणजे आपण’ या जुन्याच वळणावर गेली. सोयीचं वळण, त्यात कुरकुरणारा कायम दुसराच असतो. पेत्राचा प्रश्न आधी वाचला की ती कुरकुर आपल्याच मंडळीच्या पहिल्या बाकावर येऊन बसते.

बाकी, सातचा वर्ग सव्वासातला सुरू होतो आणि शेवटी प्रार्थनेच्या विनवण्या लांबतात, म्हणून चर्चा आटोपती घेतात. स्वतःचं बायबल न्या. कागद मिळाला की उताऱ्याच्या मागची-पुढची दहा वचनं वाचून ठेवा. या दाखल्यानंतर तर तीनच वचनं ओलांडली की जब्दीच्या मुलांची, म्हणजे येशूच्या दोन शिष्यांची, आई त्यांच्यासाठी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागायला हजर.