पहिली नक्कल कुणाची: काराव्हाज्जोचा जेरोम की ला तूरची मॅग्डालेन?

तैलरंग शिकायला बरोक (सतराव्या शतकातल्या युरोपीय शैलीतल्या) चित्राची नक्कल करायची, इथवर ठरलं की पुढचा घोळ चित्र निवडण्याचा. माझं मत फ्रेंच चित्रकार ला तूरच्या बाजूने आहे. पण जीव बहुतेकांचा इटालियन चित्रकार काराव्हाज्जोवर जडतो. माझाही जडला होता.

रोमच्या बोर्गेझे गॅलरीतला त्याचा 'लिहिणारा संत जेरोम' साधारण १६०५-०६ चा. काळोखातून पुढे आलेलं टक्कल, लाल वस्त्र आणि टाक धरून थेट कवटीच्या दिशेने गेलेला हात. गोची त्या हातातच आहे. तो जरा आखूड झाला की सगळा म्हातारा बिघडतो. मी कोपरावर तीन बैठका घालवल्या, रंग पुसला, पुन्हा लावला. चौथ्या बैठकीत लक्षात आलं, चूक रंगाची नव्हतीच, रेखाटनाची होती.

तरी काराव्हाज्जोची गडद तपकिरी जमीन, म्हणजे चित्राखालचा रंगाचा पहिला थर, मात्र जरूर उचलावी. उजेडाकडून रंग ओढत आणायचा आणि मधली छटा त्या जमिनीवरच सोडून द्यायची. पांढऱ्या कॅनव्हासवर ही युक्ती चालत नाही. म्हणून चित्र कुठलंही घ्या, आधी अंबरचा (umber, मातकट तपकिरी रंगाचा) पातळ हात देऊन वाळू द्या.

ला तूरची मॅग्डालेन, म्हणजे येशूची शिष्या मेरी मॅग्डालेन, १६४० च्या सुमाराची, आता लॉस अँजेलिसच्या कौंटी संग्रहालयात. इथे उजेड कुठून येतो ते चित्रातच दिसतं: तेलाच्या ग्लासातली वात. कुठली बाजू उजळ, अशी शंका आली की ज्योतीकडे बघायचं. खांदा, गुडघे, मांडीवरची कवटी, सगळे आकार गोल आणि सुटसुटीत, रंगही मोजकेच. कस लागतो तो गालावरच्या सावलीच्या कडेला. रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने ती कड हलकेच विरवायची. ज्योतीत निव्वळ पांढरा भरलात तर ती खडूसारखी दिसेल. तिची झळाळी भोवतीच्या काळोखातून येते.

दोन्हीकडे काळा रंग छळतो. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, अंबर लवकर, म्हणून खाली अंबर, काळा वरच. वाळल्यावर काळोख निस्तेज पडला तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन जादा तेल पुसून घ्यावं.

उतारवयातला डच चित्रकार रेम्ब्राँ तूर्त नको. त्याच्या रंगाची जाडी फोटोत कळत नाही.

मॉडेल समोर बसवून हात-पाय भरपूर काढले असतील, तर मात्र खुशाल जेरोमच घ्या.