फायबरग्लासच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सीट उंच करताना: नवा फोम, स्पेसर की रायझर?

तिसऱ्या पिढीच्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये (१९६८ ते १९८२) चालक जवळजवळ जमिनीलगत, पाय लांब करून बसतो. समोर फेंडरचे (पुढच्या चाकांवरच्या भागाचे) दोन फुगवटे असतात. उंचीने कमी असलेल्या माणसाला त्यांच्यापलीकडचा रस्ता नीट दिसत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्याला उतरताना कसरत करावी लागते. त्या काळातल्या इतर फायबर बॉडीच्या गाड्यांतही तक्रार साधारण हीच. सीट इंचभर वर आली की बराच फरक पडतो. पण तो इंच कुठून मिळवायचा, यावर गाडीचा फ्लोअर आणि तुमची सुरक्षितता अवलंबून आहे.

सीटला हात लावण्याआधी सीट मुळात खाली गेली आहे का, ते पाहा. पन्नास वर्षांचा फोम भुगा होऊन सीटखाली पिवळट पावडर सांडत असतो. कुशन मुठीने दाबल्यावर स्प्रिंग हाताला लागत असेल, तर कारखान्यातून आलेली उंची कधीच संपली आहे. अशा सीटखाली स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) घालणं म्हणजे मूळ बिघाड तसाच ठेवून वरून उंची जोडणं. नंतर कधी फोम बदलला की डोकं छताला टेकतं आणि स्पेसर काढावे लागतात. म्हणून फोम गेलेला असेल तर आधी फोम, मग मोजमाप, मग बाकीचा निर्णय. हा क्रम आम्ही कोणासाठीही बदलणार नाही.

फोम

कुशनचं कव्हर हॉग रिंगांनी (तारेच्या लहान कड्यांनी) फ्रेमला बांधलेलं असतं. रिंगा कापल्या की खाली फोम, त्याखाली जाड कापड आणि त्याखाली स्प्रिंग दिसतात. तुटलेली स्प्रिंग आणि फाटलेलं कापड आधी बदला, नाहीतर नवा फोम काही महिन्यांत स्प्रिंगमध्ये रुतून कापला जातो. त्या मॉडेलसाठी साच्यात बनवलेला फोम मिळत असेल तर तोच घ्या. फोम कापून बसवायचा असेल तर घट्ट, जास्त घनतेचा निवडा. वरून अर्धा इंच मऊ फोम चिकटवून फारसं काही मिळत नाही, बसल्यावर त्यातला बराचसा दबून जातो.

फोमने माणूस वर येतो, सीट जागेवरच राहते, आणि या उपायाची मर्यादा इथेच आहे. मूळ उंची परत मिळवण्यापुरता फोम निर्धोक आहे. पण मूळ उंचीच्या वर दोन इंच फोम रचला तर कंबरेचा आधार पाठीच्या चुकीच्या जागी येतो आणि डोकं हेडरेस्टच्या वर निघतं. जाड, मऊ गादीचा आणखी एक धोका आहे. अपघातात माणूस त्या गादीत खोल दबतो, कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं. सुट्या उशीत हा दोष सर्वांत जास्त, म्हणून ती आम्ही पर्यायांत धरतच नाही.

स्पेसर

रेल (सीट पुढे-मागे सरकते ती पट्टी) आणि फ्लोअर यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब बोल्ट टाकायचा. सीट, पाठ, हेडरेस्ट सगळं एकत्र वर येतं, हा फोमपेक्षा मोठा फायदा. मूळ बोल्ट जपून ठेवले तर गाडी हवी तेव्हा पूर्ववत होते. बोल्ट सहज सुटले तर काम अर्ध्या दिवसाचं.

बोल्ट सहज सुटत नाहीत, अडचण तिथेच आहे. काही गाड्यांत फायबरमध्येच धातूचे बॉबिन (आतून आटे असलेले तुकडे) किंवा नट बसवलेले असतात. ते गंजले की रेझिनमधून (फायबर बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थातून) सुटतात आणि बोल्टाबरोबर गरगर फिरतात. आदल्या दिवशी खालून-वरून गंज सोडवणारं तेल सोडा आणि बोल्ट एकदम न फिरवता पुढे-मागे हलवत काढा. गॅसच्या ज्योतीने गरम करायचा मोह टाळा, आजूबाजूचं रेझिन जळून भुसभुशीत होतं. कापावंच लागलं तर मास्क लावा, फायबरची धूळ फुप्फुसांना वाईट.

स्पेसर म्हणून वॉशरांची चळत लावू नका. प्रत्येक वॉशरच्या फटीत थोडा थोडा दाब मुरतो आणि बोल्ट सैल होतो. शिवाय चळत एकसंध नसल्यामुळे बाजूचा जोर आला की ती सरकते आणि बोल्ट एकटा वाकतो. किमान ३० मिमी व्यासाचा भरीव गोल तुकडा, दोन्ही तोंडं समांतर, छिद्र बोल्टापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं, असा स्पेसर लेथवर करून घ्या. लोखंडी चालतो. ॲल्युमिनियमचा असेल तर लोखंडाला टेकणाऱ्या तोंडांना रंग किंवा ग्रीस लावा, नाहीतर ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात.

बोल्ट स्पेसरच्या जाडीइतकाच लांब वाढवा. नटमध्ये निदान बोल्टाच्या व्यासाइतके आटे पकडले गेले पाहिजेत. दर्जा मेट्रिकमध्ये ८.८, इंचीमध्ये ग्रेड ५ किंवा त्यावरचा. अमेरिकन गाडीत आटे इंची असतात, आणि ३/८ इंचाचा बोल्ट एम-१० नटमध्ये सैलसर शिरतो. आवळल्यासारखं वाटतं, पण आटे पूर्ण भरलेले नसतात. नट नेहमी त्याच बोल्टाच्या जोडीचा घ्या.

चारही ठिकाणी सारखी उंची द्यायची की फक्त मागे? फक्त मागे उंची दिल्यावर पाठ ताठ होते, आणि रेलून बसायला कंटाळलेल्यांना ते फार आवडतं. पुढच्या-मागच्या बोल्टांत ३०० मिमी अंतर असेल आणि मागे १२ मिमी दिले, तर सीट सव्वादोन अंशांनी पुढे कलते. ६०० मिमी वर असलेलं पाठीचं टोक साधारण २४ मिमी पुढे येतं. त्यापलीकडे जाऊ नका, कारण बसायची बाजू पुढे उतरती झाली की शरीर पट्ट्याखाली घसरायला मदत होते. कललेल्या रेलवर सपाट स्पेसर एका कडेवर टेकतो आणि बोल्ट वाकतो, म्हणून स्पेसरचं वरचं तोंड त्याच कोनात तिरपं कापून घ्या.

स्पेसरने एकूण २५ मिमी उंचीपर्यंत जायला आमची हरकत नाही. त्यापुढे रायझर.

रायझर

म्हणजे रेलच्या पूर्ण लांबीची चौकोनी पाइप किंवा जाड लोखंडी अँगल, फ्लोअरला वेगळ्या बोल्टांनी आणि रेलला वेगळ्या बोल्टांनी धरलेला. भार चार लहान टेकूंऐवजी लांब पट्टीवर पसरतो. छिद्रं हव्या त्या जागी पाडता येत असल्याने सीट थोडी मागेही नेता येते. ३ मिमी जाडीची पाइप घ्या, आणि बोल्ट जिथे आरपार जातो तिथे आत लोखंडी नळी वेल्ड करा. ती नसेल तर आवळताना पाइप चेपते, आणि ती चेपत असेतो बोल्ट कधीच घट्ट होत नाही. डाव्या-उजव्या रायझरला निदान एक आडवी पट्टी जोडा, नाहीतर सीट बाजूला झुलते आणि रेल अडकतात. किंमत, वजन, वेळ सगळं स्पेसरपेक्षा जास्त. पण ४० मिमी हवे असतील तर हाच रस्ता.

कॉर्व्हेटमध्ये १९८१पासून चालकासाठी सहा दिशांनी हलणारी पॉवर सीट पर्याय म्हणून मिळू लागली. जुन्या गाडीत ती बसवायची तर रेल, वायरिंग आणि फ्यूज सगळंच जुळवावं लागतं. वेगवेगळ्या उंचीची दोन माणसं तीच गाडी चालवत असतील तरच हा खटाटोप करा.

फ्लोअर आणि पट्टे

कोणताही उपाय निवडा, फ्लोअर नीट पाहा. कॉर्व्हेटमध्ये १९७६च्या मॉडेलपासून फ्लोअरचा काही भाग पत्र्याचा आहे, त्याआधी फायबर. चुंबक लावून खात्री करा. दाबाखाली रेझिन हळूहळू बसतं, म्हणून फायबरवर लहान वॉशर रुतते आणि भोवती चांदणीसारख्या भेगा पडतात. खालून ३ मिमी जाडीची, साधारण ७५ बाय ७५ मिमीची लोखंडी प्लेट द्या, कडा घासून गोल करा. मूळ मजबुतीची पट्टी शाबूत असेल तर ती काढू नका. छिद्राच्या कडेचे उघडे तंतू रेझिनने आणि बोल्टाभोवतीची फट सीलंटने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं.

अमेरिकी नियमानुसार सीटच्या पकडीने सीटच्या वजनाच्या २० पट जोर सहन करायला हवा. सीट २० किलोची असेल तर तो ४०० किलो होतो. पट्ट्याचं बकल सीटलाच जोडलेलं असेल तर माणसाचा भारही याच बोल्टांवर येतो. तिथे घरगुती स्पेसर नको, ते काम जाणकाराकडून करून घ्या. पट्टे बॉडीला असतील तर सीट वर गेल्यावर त्यांचा कोन बदलतो. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावरच बसतो ना, ते पाहा. खांद्याच्या पट्ट्याचा मागचा आधार खांद्याच्या खाली गेला, तर धडकेत पट्टा मणक्याला खाली दाबतो. तसं होत असेल तर उंची कमी करा.

किती उंची हवी ते ठरवायला ६, १२ आणि १८ मिमीचे प्लायचे तुकडे रेलखाली ठेवून उभ्या गाडीत बसा. या अवस्थेत गाडी हलवायची नाही. छत किंवा टी-टॉप (छताचे काढता येणारे दोन तुकडे) लावलेला, दार बंद, पायात नेहमीचे बूट. डोक्यावर मुठीएवढी जागा उरली पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबून सोडताना मांडी स्टिअरिंगला लागता कामा नये. १९६८च्या कॉर्व्हेटचं स्टिअरिंग १६ इंची आहे, १९६९पासून १५ इंची, म्हणून पहिल्या वर्षाच्या गाडीत मांडीला जागा आणखी कमी. उघड्या गाडीत डोळे काचेच्या वरच्या चौकटीच्या खालीच राहतात ना, तेही बघा.

शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा आणि बोल्ट व प्लेटवर रंगाची एक आडवी रेघ ओढा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली किंवा पाना थोडाही फिरला, तर परत आवळा. तरीही पुन्हा सैल होत असेल तर खाली फायबर दबतो आहे, प्लेट मोठी करा.