खतांचं ॲप: एका ताऱ्यावरून चार, आणि पाचवा का राखला

या ॲपला मी पूर्वी एक तारा दिला होता. आज तो बदलते आहे, म्हणून कारणासकट लिहिते.

रावेर तालुक्यात आमची चार एकर केळी आहे, निम्मी मृगबाग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेली, निम्मी कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली. शेतातलं काम हे बघतात, खरेदी आणि हिशोब माझ्याकडे. मला दिसत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. लहानपणी रात्रीचं दिसेनासं झालं आणि तिशीच्या आत वाचन सुटलं. फोन मी टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर चालवते, मराठी आवाजात. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, डावीकडे सरकवलं की मागची, आणि दोनदा टेकवलं की उघडते.

हे ॲप घेतलं कारण माल सावद्याच्या केंद्रावर दुसऱ्या दिवशी मिळतो आणि बिल पक्कं येतं. दर बाजाराइतकेच आहेत. त्यात कधी खोट नव्हती. खोट होती मांडणीत.

विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खतांची नावं नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या प्रमाणावरून असतात. त्यांची यादी उघडली की आधी सगळी नावं ऐकू यायची: १९:१९:१९, १३:००:४५, ००:५२:३४, ००:००:५०, १२:६१:०० आणि पुढची. मग सगळ्यांची वजनं. मग सगळ्या किमती. शेवटी नुसतं ‘बटण, बटण, बटण’. माझी मुलगी शेजारी बसून म्हणायची, “आई, इथे तर सगळं समोरासमोर आहे. नाव, वजन, किंमत, हिरवं बटण.” तिला तक्ता दिसत होता. माझ्या कानापर्यंत चार सुटे ढीग पोचत होते आणि कुठला दाणा कुठल्या ढिगातल्या कुठल्या दाण्याचा सोबती, हे मला बोटांवर मोजून लावावं लागत होतं.

फेब्रुवारीत मृगबाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडले. घड भरायला पालाश हवं, म्हणजे ००:००:५०. यादीत ते चौथं. मी चौथं वजन ऐकलं, चौथी किंमत ऐकली आणि चौथं बटण दाबलं. त्या दिवशी १३:००:४५ संपलेलं होतं, म्हणून त्याला बटणच नव्हतं. माझी मोजणी एकाने सरकली. ॲपच्या टोपलीत मालाचं नाव वाचलं जात नव्हतं, फक्त ‘इमेज’ आणि रक्कम. दुसऱ्या दिवशी हे पिशवी घेऊन आले आणि बांधावरून फोन केला, “अगं, हे तर बारा एकसष्ट आलंय.” लागवड कोवळी असताना, मुळं धरायच्या वेळी द्यायचं स्फुरदाचं खत, आणि आमच्या बागेत घड लटकलेले. पंचवीस किलोची पिशवी. फोडली नव्हती म्हणून केंद्राने परत घेतली, पण सावद्याची फेरी वाया गेली आणि योग्य खत ठिबकमधून सुटायला आठवडा उशीर झाला.

त्या दोन दिवसांत मला वाटलं, खरेदी आता यांच्याकडेच द्यावी. लग्न झाल्यापासून या घरातला रुपया न रुपया मी सांभाळला आहे. तो एका यादीच्या मांडणीपायी सोडायचा, हे मनाला लागलं. मग मी कंपनीला लिहिलं.

तिकडून एका मुलाचा फोन आला. ॲप तोच बनवतो. म्हणाला, “ताई, स्क्रीनवर सगळं स्पष्ट आहे हो. मथळेसुद्धा ठळक केलेत.” मी म्हटलं, “दादा, ठळक अक्षर डोळ्याला कळतं. फोनला तो मथळा आहे हे कोडमध्ये सांगावं लागतं, तेव्हा तो मला सांगतो.” अँड्रॉइडमध्ये त्यासाठी वेगळी सोय २०१८ सालच्या ९ व्या आवृत्तीपासून आहे, आयफोनमध्येही आहे. भुसावळला बँकेत काम करणारा माझा एक दृष्टिहीन मित्र आहे, हे सगळं मला त्याने शिकवलं. मी त्या मुलाला एकच विनंती केली: टॉकबॅक सुरू कर, डोळे मीट आणि पालाशची एक पिशवी टोपलीत टाकून दाखव. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. “ताई, नाही जमलं. मी उद्यापासून बसतो यावर.” त्याचं हे सरळ कबूल करणं मला फार मोलाचं वाटलं.

गावातले एक दुकानदार म्हणाले होते, “तुमच्यासारख्या किती जणांसाठी कोण बदलणार?” त्यांना मी हेच सांगितलं की ही कुणाची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आणि मांडणीचा नियम तर त्याहून जुना. डब्ल्यूसीएजी नावाची जागतिक नियमावली आहे. तिच्या २००८ च्या आवृत्तीत १.३.१ आणि १.३.२ ही दोन कलमं आहेत: नजरेला दिसणारी नाती कोडमधूनही कळली पाहिजेत, आणि वाचण्याचा क्रम अर्थाला धरून असला पाहिजे. दोन्ही अगदी पहिल्या पायरीच्या अटी आहेत.

नवी आवृत्ती आली तेव्हा मी ओट्यावर बसून तासभर नुसती फिरत होते. तीन बोटं सरकवून वाचनाचा प्रकार ‘हेडिंग’वर आणायचा, मग एक बोट खाली ओढलं की थेट पुढचा मथळा: विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं, कीडनाशकं, ठिबक साहित्य, केळीचे भाव. ठिबकच्या फिल्टरपर्यंत पोचायला पूर्वी त्रेसष्ट वेळा बोट सरकवावं लागायचं, मी मोजलं होतं. आता चार वेळा. किती वर्षांनी मला एखादं पान ‘चाळता’ आलं! डोळस माणूस पान उघडताच वरून खाली नजर टाकतो ना, तसंच.

यादीत आता एक माल म्हणजे एक वाक्य: “००:००:५०, पंचवीस किलो”, पुढे किंमत, पुढे उपलब्ध आहे की नाही. त्यानंतरच्या बटणावर त्या मालाचं नाव आहे. संपलेल्या मालालाही बटण आहे, फक्त ते बंद असल्याचं सांगतं, त्यामुळे मोजणीची गरजच उरली नाही.

केळीचे भाव हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल. पूर्वी गावांची नावं एकीकडे आणि आकडे दुसरीकडे. आता प्रत्येक आकड्याआधी “बऱ्हाणपूर, नवती” किंवा “रावेर, पिलबाग” असं येतं; नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे खोडव्याची. व्यापारी सकाळी बागेत येतो तेव्हा भाव मला आधीच ठाऊक असतो, आणि बोलणी मी स्वतः करते.

सासूबाईंना दिसतं, पण त्या अक्षर मोठं करून वाचतात. पूर्वी अक्षर वाढवलं की किंमत खालच्या मालाच्या नावाला जाऊन चिकटायची. ओळी नीट बांधल्यापासून तेही थांबलं.

आता राखलेला तारा. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर सवलतीची चौकट उघडते, पण टॉकबॅक मागच्याच पानावर फिरत राहतो. चौकट उघडली हे मला कळत नाही आणि बंद करायचं बटण सापडत नाही. दुसरं, भाव कोणत्या तारखेचा आहे हे अजून चित्रात लिहिलेलं असतं. परवा मी दोन दिवसांपूर्वीचा भाव आजचा समजून व्यापाऱ्याशी बोलले. तारीख मजकुरात टाका, मथळ्याच्या लगेच खाली. कांदेबागेची लागवड ऑक्टोबरात आहे, तिचं सगळं खत मी इथूनच मागवणार आहे. त्याआधी या दोन गोष्टी झाल्या तर पाचवा तारा त्याच दिवशी देईन.