क्लाउडफ्लेअर झीरो ट्रस्ट: लहान ऑफिसात व्हीपीएनची जागा घेईल का?

व्हीपीएनमध्ये (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खासगी वाट) पासवर्ड एकदा जुळला की बहुतेक ठिकाणी आतली सगळी मशीन समोर उघडी पडतात. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या झीरो ट्रस्टमध्ये प्रत्येक ॲपचं दार वेगळं आणि दारावरची तपासणीही वेगळी. ५० युजरपर्यंत फुकट आहे, म्हणून लहान ऑफिसने आधी हेच करून बघावं.

डोमेनचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) क्लाउडफ्लेअरकडे हवा. आतल्या सर्व्हरवर ‘क्लाउडफ्लेअर-डी’ हा छोटा प्रोग्राम टाकला की तो ७८४४ पोर्टवरून बाहेरच्या दिशेने क्लाउडफ्लेअरशी चार कनेक्शन जोडतो; हाच टनेल. स्टॅटिक (कधी न बदलणारा) आयपी लागत नाही, राउटरवर पोर्टही उघडावा लागत नाही. टनेल आधी यूडीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीने जोडतो; फायरवॉल ती अडवत असेल तर प्रोटोकॉल एचटीटीपी२ करा, मग तेच काम टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतं. क्रम मात्र पाळा: आधी ॲक्सेसमध्ये (झीरो ट्रस्टचा लॉगिन तपासणारा भाग) ॲप आणि पॉलिसी (कुणाला आत सोडायचं याचे नियम), मग टनेलला होस्टनेम (ॲपचा वेब पत्ता). उलट केलं तर मधल्या वेळात ते पान जगाला खुलं राहतं. राउटरवर पूर्वी उघडलेली थेट वाट, म्हणजे जुनं पोर्ट फॉरवर्डिंगही, आठवणीने काढा. ते राहिलं तर तपासणी टाळून थेट सर्व्हरवर येता येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पॉलिसीत होते. ‘इन्क्लूड’मधल्या अटींपैकी एक जुळली तरी प्रवेश मिळतो. तिथे कंपनीचा ईमेल डोमेन आणि ‘देश: भारत’ दोन्ही टाकले, तर भारतातला कुणीही लॉगिन करून आत येईल. देशाची अट ‘रिक्वायर’मध्येच हवी, तिथली प्रत्येक अट जुळावीच लागते. नोकरी सोडलेल्याचं ईमेल खातं बंद करणंही पुरेसं नाही. सेशन (एकदा लॉगिन केल्यावर चालू राहणारा प्रवेश) मुळात २४ तासांचं असतं, ते वेगळं रद्द करावं लागतं.

वॉर्प क्लायंटने (युजरच्या मशीनवर टाकायचं क्लाउडफ्लेअरचं ॲप) आतला आयपी उघडत नसेल तर स्प्लिट टनेल बघा, म्हणजे कोणते पत्ते वॉर्पमधून जाणार नाहीत त्याची यादी. १९२.१६८ आणि १० ने सुरू होणारे पत्ते त्यात आधीच वगळलेले असतात. पण ते यादीतून सरसकट काढू नका, फक्त ऑफिसची रेंज यादीतून काढा. नाहीतर घरचा प्रिंटर सापडेनासा होतो. एचटीटीपीएस तपासणी (कूटबद्ध वेब ट्रॅफिक उघडून बघणं) पहिल्या दिवशी चालू करू नये: प्रत्येक मशीनवर क्लाउडफ्लेअरवर विश्वास ठेवायला सांगणारं रूट सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेट पिनिंग करणारी, म्हणजे फक्त स्वतःचंच सर्टिफिकेट मानणारी, ॲप तरीही अडतात.

खरी उणीव लॉगची, म्हणजे कोण कधी आत आलं याच्या नोंदींची. फुकट प्लॅनवर ते २४ तासच राहतात, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवस मागतात. एपीआयने (प्रोग्रामला डेटा घेता येईल अशी सोय) दर काही तासांनी ओढून स्वतःकडे साठवा. शिवाय १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं तेव्हा ॲक्सेसचं लॉगिनही अडलं होतं. म्हणून ॲडमिनपुरती वायरगार्ड या व्हीपीएनची एक वेगळी वाट तयार असू द्या.