एलाफोनिसीचा समुद्रकिनारा (क्रीट बेट, ग्रीस) : पोहता न येणाऱ्यांसाठी एकदम भारी, पण वाऱ्याचं बघा

जूनमध्ये गेलो होतो, आम्ही दोघं, सहा नि नऊ वर्षांची पोरं आणि गुहागरहून आलेली आई. घरात नीट पोहता येतं ते फक्त बायकोला, त्यामुळे माझी अट एकच, पाणी उथळ पाहिजे.

हान्या शहरापासून साधारण 75 किमी, पण सगळा घाटरस्ता, मध्ये तोपोलियाला एक अरुंद बोगदा लागतो तिथे सिग्नलवर एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात, दीड-दोन तास धरूनच चला. धाकट्याला गाडी लागलीच.

पोचल्यावर आईचा पहिला प्रश्न, "भरती कितीला आहे?" म्हटलं इथे भरती-ओहोटी असून नसल्यासारखी, काही इंचांचा फरक. पटेना. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली तिने आणि तीन वाजता परत जाऊन बघितली तर पाणी तिथल्या तिथेच. "हा कसला समुद्र!" म्हणाली आणि मग सलवार वर खोचून स्वतःच आत गेली, नंतर बाहेर यायला तयार नाही.

किनारा आणि समोरचं छोटं बेट यांच्यामधलं पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, फार तर कमरेएवढं, चालत बेटावर जाता येतं. नितळ इतकं की पायाची नखं दिसतात. मी चाळीशीत पहिल्यांदा पाण्यावर उताणा तरंगलो! भूमध्य समुद्र आपल्या अरबी समुद्रापेक्षा खारट, लिटरला 38-39 ग्रॅम मीठ, त्यामुळे अंग जरा जास्त उचललं जातं, पण माझ्या बाबतीत टेकायला खाली जमीन आहे हा धीरच जास्त कामाला आला. डोळ्यात गेलं की मात्र जाम झोंबतं.

आता वारा. दुपारी असा सुटला की बारीक वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचत होती. धाकट्याची हवेची रिंग उडाली आणि पाण्यावरून घसरत आत निघाली, मी मागे धावलो, पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग छातीला, आणि मागून बायको ओरडली, "सोड ती रिंग!" सोडली. दोन मिनिटांत ठिपका झाली. त्यामुळे हवेची खेळणी इथे आणूच नका, पोरांना दंडाला घट्ट बसणारे फ्लोट किंवा लाइफ जॅकेट घाला, आणि तरी हाताच्या अंतरावर राहा. बेटाच्या पलीकडे उघडा समुद्र आहे, खडक नि लाटा, तिकडे पोरांना पाण्यात सोडायचं नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, आणि इमर्जन्सीला नंबर 112.

सावली जवळजवळ नाहीच, छत्री-खुर्चीचे पैसे मोजावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये जत्रा असते, जमलं तर सप्टेंबर गाठा, पाणीही तेव्हा जास्त उबदार, आम्हाला जूनमध्ये पहिली पाच मिनिटं हुडहुडी भरली होती.

हां, वाळू काही ठिकाणी खरंच गुलाबी आहे, शिंपल्यांचा चुरा मिसळल्यामुळे. संरक्षित जागा आहे, वाळू न्यायला सक्त मनाई. पार्किंगमध्ये कळलं की आईने चिमूटभर रुमालात बांधून घेतलीय, तिला परत पाठवून झटकून यायला लावलं. येताना पुटपुटत होती, "आमच्याकडे डंपर भरभरून नेतात, त्यांना नाही कोण विचारत."