पिवळा पाना आणि सातशे मिली ऑइल: सर्व्हिसिंगनंतरचे चौदा महिने

सर्व्हिसिंगहून गाडी घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर तोच पिवळ्या पान्याचा दिवा. ७,८६० रुपये मोजले आणि ज्या दिव्यासाठी गाडी नेली होती तो जसाच्या तसा. बायको शेजारी बसली होती. "केलंय का काही, की नुसती धुऊन दिली?" म्हणाली. पुढचे चौदा महिने मी या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतोय असं म्हटलं तरी चालेल.

गाडी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा ४२ हजार किलोमीटर झालेले. वॉरंटी संपलेली. रनिंग वर्षाला सात हजाराच्या आसपास: कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, महिन्यातून दोनदा सांगली, पावसाळ्यात एखादी आंबोली. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही. भांडण माझं आहे, ते माझ्यापुरतंच राहू दे.

आधी एक खुलासा, कारण माझ्या मेहुण्याने दोन दिव्यांत गल्लत केली होती. पिवळा पाना म्हणजे सर्व्हिसिंगची वेळ झाली, एवढंच. गाडी चालवायला हरकत नाही. तेलाच्या झारीसारखं लाल चिन्ह लागलं तर ते ऑइल प्रेशरचं. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि पुढच्या पंपापर्यंत जाऊ असला विचार करायचा नाही. मेहुणा पान्याला घाबरून भर उन्हात हायवेवर तासभर थांबला होता. चूक स्वस्तातली. उलटी झाली असती तर इंजिन उघडावं लागलं असतं.

तर, फोन केला. सर्व्हिस ॲडव्हायझर गोड बोलला. "सर, रिसेट राहिलं असेल, गाडी घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांच्या कामाला गाडी घेऊन गावाबाहेर जा, गेटवर नोंद करा, टोकन घ्या, काचेच्या खोलीत बसून मशीनची कॉफी प्या. नाही गेलो. त्याऐवजी मी शहाणपणा केला आणि ऑनलाइन ७५० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टीअरिंगच्या खाली तो सॉकेट असतो, त्यात बसवायचा आणि मोबाइलवर सगळं बघायचं. बसवला. इंजिनचं तापमान दिसलं, बॅटरीचा व्होल्टेज दिसला, फॉल्ट कोड शून्य. पाना ढिम्म. असले स्वस्त स्कॅनर इंजिनच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचतात, आणि माझ्या गाडीत सर्व्हिसिंगची मोजणी मीटरच्या डब्यात चालते. तिथपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ७५० रुपये गेले.

मग, जे पहिल्या दिवशी करायचं ते तिसऱ्या आठवड्यात केलं. खणातून मॅन्युअल काढलं. प्लास्टिकच्या कव्हरात, टोलच्या जुन्या पावत्यांखाली, सहा वर्षांत एकदाही न उघडलेलं. रिसेटची रीत चार ओळींची होती. किल्ली बंद. ट्रिप मीटरचं बटण दाबून धरा. न सोडता किल्ली 'ऑन'वर आणा, इंजिन चालू करायचं नाही. दहा सेकंद धरून ठेवा. पार्किंगमध्ये बसून अंगठा दाबला, मोठ्याने आकडे मोजले. सातव्याला पाना लुकलुकायला लागला, दहाव्याला पडद्यावर १०,००० उमटलं आणि पाना गेला. पहिल्या खेपेला मात्र जमलं नव्हतं, कारण सवयीने किल्ली पुढे फिरवून गाडी चालूच केली होती. तुमची बटणावर चालू होणारी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबा, काही गाड्यांत दोनदा, म्हणजे नुसतं इग्निशन येतं. बाकी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. कुठे स्टीअरिंगवरच्या मेन्यूतून होतं, काही गाड्यांत खरोखरच वर्कशॉपचा स्कॅनर लागतो. मॅन्युअल बघा, स्कॅनर मागवू नका.

आता खरी गोष्ट. रिसेटचं पान शोधताना आधी चुकून दुसरं पान उघडलं होतं, कशात काय किती बसतं त्याचा तक्ता. इंजिन ऑइल, फिल्टरसकट: ३.५ लिटर. हे वाचून सोडून दिलं असतं, पण त्याच कव्हरात बिलही कोंबलेलं होतं. बिलात ऑइल: ४.२ लिटर.

सातशे मिली जास्त. खाली गेलो, सपाट जागा बघितली, गाडी रात्रभर उभीच होती, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून पुसली, परत घातली, काढली. ऑइल बरोब्बर वरच्या खुणेवर. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत लिटरभराचा फरक असतो. सातशे मिली जास्त भरलं असतं तर ते खुणेच्या बरंच वर दिसलं असतं, आणि ते काही चांगलं नाही. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ऑइलला घुसळून फेस करतो. म्हणजे माझ्या इंजिनात साडेतीनच गेलं. बाकीचं बिलातच राहिलं. दर ६४० रुपये लिटर. सातशे मिलीचे ४४८, त्यावर १८ टक्के जीएसटी ८०.६४. एकूण ५२८ रुपये ६४ पैसे. मित्र म्हणाला सोड रे, पाचशे रुपयांसाठी काय. पाचशे रुपयांसाठीच. दिवसाला तिथे तीस गाड्या उभ्या असतात.

ॲडव्हायझरचं उत्तर: "सर, आमच्याकडे ऑइल ड्रममधून येतं, सिस्टिममध्ये मॉडेलप्रमाणे आकडा आपोआप पडतो." मी मॅन्युअलच्या पानाचा आणि डिपस्टिकचा फोटो पाठवला. मग मॅनेजर. मग दोन ईमेल. दीड महिन्याने मान्य झालं, पण पैसे नाहीत, ५२८ रुपयांची क्रेडिट नोट, मुदत एक वर्ष. ज्यांच्याकडे परत जायचं नाही त्यांच्याकडेच परत जायची सोय.

याच भांडणात मी आणखी एक आरोप केला होता, तो इथे मागे घेतो. डिपस्टिकवरचं ऑइल मला तपकिरी दिसलं होतं, मधासारखं नाही. ऑइल बदललंच नाही, असं मी ईमेलमध्ये ठणकावून लिहिलं होतं. नंतर कळलं की कितीही निथळू दिलं तरी थोडं जुनं ऑइल इंजिनात राहतंच, आणि नवं ऑइल काजळी धरायला लगेच सुरुवात करतं. ते त्याचं कामच आहे. डिझेलमध्ये तर आठवड्यात काळंभोर होतं. रंगावरून काही ठरत नाही. आणखीही एक: त्यांनी ब्रेक उघडून साफ केले होते ते उत्तम होतं, पावसाळाभर करकर नव्हती. एसीचा कुबट वासही केबिन फिल्टरने गेला. त्याबरोबर विकायला काढलेलं इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग मी घेतलं नाही, आणि वर्षभरात काही अडलं नाही.

हे रंगाचं मला समजावलं ते उद्यमनगरमधल्या मेकॅनिक मामांनी. पुढचं सर्व्हिसिंग तिथेच केलं. तारीख मात्र पान्यावरून नाही, बिलावरून धरली. मी रिसेट केलं तीन आठवडे उशिरा, मग पानाही तीन आठवडे उशिराच पेटणार होता. माझ्या गाडीत तो ऑइलकडे बघत नाही, किलोमीटर आणि दिवस मोजतो, तेही कुणीतरी शून्यावर आणल्यापासून. ऑइल न बदलता दहा सेकंद बटण दाबलं तरी त्याचं समाधान होतं. हे ध्यानात आलं तेव्हा जरा गार पडलो. मी भांडत होतो दिवा विझला नाही म्हणून. विझवून दिला असता तर मॅन्युअल उघडलंच नसतं, आणि ४.२ लिटर मुकाट्याने पचले असते.

ऑइल मी स्वतः नेलं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, साडेतीन लिटरचा सीलबंद डबा, २,०५० रुपये. मामांनी इंजिन गरम करून घेतलं, ड्रेन नट काढला आणि चहा मागवला. "धार तुटूदे, मग थेंब बी तुटूदे." वीस मिनिटं. नटाचा वॉशर नवा टाकला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, हाताने टेकेपर्यंत फिरवला आणि वर पाऊण फेरा, पाना न लावता. तीन लिटर ओतलं, मिनिटभर इंजिन चालवून बंद केलं, थांबले, डिपस्टिक बघितली, मग उरलेलं थोडं थोडं. डब्यात बोटभर राहिलं तेही मला परत दिलं. फिल्टर २४०, वॉशर ३०, मजुरी ४००. सगळं मिळून २,७२०. वर्कशॉपच्या बिलात एअर फिल्टर, ब्रेक आणि वॉशिंग होतं, तेव्हा थेट तुलना करू नका.

मामांचा उणेपणा एकच. बोनेटखाली तारेने पुठ्ठ्याचा तुकडा लटकवला, त्यावर तारीख आणि किलोमीटर, वडिलांच्या पद्मिनी गाडीत असायचा तसा. पण पान्याचं विचारलं तर हात पुसत म्हणाले, "ते दिव्याचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं काय कळत नाय." बघितलं. या वेळी पहिल्याच खेपेला जमलं.

क्रेडिट नोटची मुदत या महिनाअखेर संपतेय. काल फोन करून विचारलं, तेवढ्या पैशांत व्हील अलाइनमेंट होईल का. ॲडव्हायझर नवा आहे, बोलणं तितकंच गोड. "होईल ना सर, फक्त बॅलन्सिंगसोबत घ्यावं लागेल. १,३५० होतील, त्यातून तुमचे ५२८ वजा."

"चौसष्ट पैसे?" मी विचारलं.

"ते सर, सिस्टिम राउंड ऑफ करते."