न्यूरेम्बर्ग की ड्रेस्डेन? दोन दिवस हाताशी असतील तर

जर्मनीच्या सहलीत म्युनिक आणि बर्लिन ठरलेलीच असतात. मधले दोन दिवस एखाद्या ऐतिहासिक शहराला द्यायचे म्हटले की न्यूरेम्बर्ग आणि ड्रेस्डेन यांची नावे पुढे येतात. दोन्ही शहरांची जुनी वस्ती १९४५ च्या पहिल्या दोन महिन्यांत बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झाली आणि दोन्ही पुन्हा उभी राहिली. तरीही ड्रेस्डेनमध्ये प्रामुख्याने काय गमावले ते दिसते, तर न्यूरेम्बर्गमध्ये हे सारे का घडले, याचा जाब समोर येतो.

नुसत्या देखणेपणावर निवड करायची असेल, तर ड्रेस्डेन सरस आहे. एल्ब नदीकाठचे फ्राउएनकिर्शे हे चर्च हल्ल्यानंतर १५ फेब्रुवारी १९४५ रोजी कोसळले आणि पूर्व जर्मनीच्या काळात चार दशकांहून अधिक काळ तो ढिगारा स्मारक म्हणून तसाच ठेवला गेला. १९९४ ते २००५ या काळात चर्च पुन्हा बांधताना ढिगाऱ्यातले वापरण्याजोगे दगड शक्य तिथे मूळ जागीच बसवले. त्यामुळे फिकट भिंतींत मधूनच काळपट दगड दिसतात. त्यांच्याजवळ थोडा वेळ अवश्य थांबावे. ग्रीन व्हॉल्ट या संग्रहालयात मराठी माणसाची पावले आपोआप थबकतील अशी एक कलाकृती आहे: औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. सोने, मीनाकारी आणि हिऱ्यांचा हा देखावा डिंगलिंगर या सोनाराने १७०१ ते १७०८ या काळात घडवला. तो अजून घडत असतानाच, १७०७ मध्ये, खुद्द औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला होता. दख्खनेत ज्याच्याशी मराठे दोन तपांहून अधिक काळ झुंजले, त्याचे वैभव सॅक्सनीच्या (ड्रेस्डेन ही ज्याची राजधानी, त्या राज्याच्या) राजदरबारात असे कौतुकाने रंगवले जात होते.

न्यूरेम्बर्गला तटबंदी, किल्ला आणि चित्रकार ड्यूररचे घर आहेच, परंतु त्याचे खरे महत्त्व त्यापलीकडे आहे. नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे १९३३ ते १९३८ या काळात दरवर्षी इथे भरत आणि ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे १९३५ मध्ये इथेच जाहीर झाले. या मेळाव्यांच्या झेपेलिन मैदानातील दगडी पायऱ्यांवर उभे राहिले, की गर्दीला भारून टाकण्यासाठी वास्तुरचनेचा वापर कसा झाला हे समजते. न्यायमंदिरातील ६०० क्रमांकाच्या दालनात २० नोव्हेंबर १९४५ पासून नाझी नेत्यांवर खटला चालला आणि १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल पूर्ण झाला. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तर तिघे निर्दोष सुटले. आणि ज्या बाजारचौकात आज नाताळची जत्रा भरते, तिथे १३४९ पर्यंत ज्यूंची वस्ती होती. ती कत्तल करून उठवली आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, जागी चर्च बांधले. हे माहीत नसेल, तर तो चौक केवळ छायाचित्रापुरता उरतो.

म्युनिकहून न्यूरेम्बर्ग रेल्वेने तासाभराहून थोडे अधिक, तर बर्लिनहून ड्रेस्डेन सुमारे दोन तासांवर आहे. सोबत लहान मुले असतील किंवा चित्रे, संगीत आणि राजवाड्यांची ओढ असेल, तर ड्रेस्डेनला जावे. ऐतिहासिक ग्रीन व्हॉल्टचे वेळेनुसार मिळणारे तिकीट मात्र आधीच काढावे. इतिहास हेच प्रवासाचे मुख्य कारण असेल, तर माझे मत ठामपणे न्यूरेम्बर्गच्या बाजूने आहे. तिथे एक दिवस जुन्या शहराला आणि दुसरा पूर्ण दिवस मेळाव्यांच्या मैदानाला व न्यायालयाला द्यावा. ही दोन ठिकाणे शहराच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत आणि घाईघाईत उरकण्यासारखी नाहीत.